मधुमेहावरील औषधे व रक्तशर्करा : ऐतिहासिक आढावा

रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण (रक्तशर्करा) सतत वाढलेले राहणे हे मधुमेहाचे प्रमुख लक्षण होय. हे प्रमाण कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या द्रव्यांना मधुमेहावरील औषधे म्हणतात. निरोगी व्यक्तीच्या १०० मिलि. रक्तद्रवात उपाशीपोटी सु. ७० ते १०० मिग्रॅ. ग्लुकोज असते. जेवणानंतर हे प्रमाण वाढते, पण दोन तासांत ते बहुधा १४० मिग्रॅ.च्या खाली येते. ही पातळी राखण्याचे काम मुख्यतः अग्निपिंडातील लांगरहान्स द्वीपकांतून स्रवणारी दोन हॉर्मोने करतात. इन्शुलिनामुळे ग्लुकोज स्नायूंत व वसा ऊतकात (चरबीच्या पेशीसमूहात) शिरते आणि यकृतातून रक्तात येणाऱ्या ग्लुकोजास आळा बसतो. ग्लुकागॉनाचे कार्य याच्या उलट असते. रक्तशर्करा उतरू लागताच निरोगी अग्निपिंड इन्शुलिनाचा स्राव आपोआप कमी करतो. बाहेरून दिलेल्या औषधास असा अंगभूत लगाम बहुधा नसतो. रुग्णाने जेवण घेतले किंवा न घेतले, तरी दिलेली मात्रा तिचा प्रभाव संपेपर्यंत कार्य करीत राहते. यामुळे रक्तशर्करा कशी उतरवावी आणि उतरताना ती कोठे थांबवावी, असे दोन प्रश्न या औषधांच्या इतिहासात प्रारंभापासून जोडीने आढळतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९२२ मध्ये मिळाले; दुसऱ्याचा शोध त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिला.

इन्शुलीनपूर्व काळ : प्राचीन भारतीय वैद्यकात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, हे निरीक्षण त्या काळी झालेले होते. चरकसंहितेत स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे दोन प्रकारचे रुग्ण मानून त्यांचे उपचार वेगळे सांगितले आहेत. यूरोपात मॅथ्यू डॉबसन या इंग्रज वैद्यांनी १७७६ मध्ये मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील गोडी साखरेमुळे असते, हे दाखवून दिले. रक्तरसही गोड लागतो, अशी नोंद त्यांनी केली. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स (१८४७–८८) यांनी अग्निपिंडातील द्वीपकांचे वर्णन केले. १८८९ मध्ये स्ट्रॅस्बर्ग येथे योझेफ फोन मेरिंग (१८४९–१९०८) व ऑस्कर मिंकोव्हस्की (१८५८–१९३१) यांनी कुत्र्याचा अग्निपिंड काढून टाकला असता त्यास तीव्र मधुमेह झाल्याचे आढळले. त्यानंतर अग्निपिंडाच्या अर्कातून औषध मिळविण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी सुरू झाले.

या प्रयत्नांपैकी गेओर्ख त्सुल्त्सर या जर्मन वैद्यांचा प्रयत्न विशेष उद्‌बोधक आहे. १९०८ मध्ये त्यांनी आपला अर्क काही रुग्णांना देऊन पाहिला व मूत्रातील साखर कमी झाल्याचे नमूद केले. पुढे सुधारून तयार केलेल्या अर्काने मात्र प्रयोगातील कुत्र्यांना आचके आले आणि हे काम सोडून देण्यात आले. हे आचके अर्कातील विषारी अशुद्धींमुळे नसून रक्तशर्करा अतिशय खाली गेल्यामुळे आले असावेत, असे आता मानले जाते. थोड्या रक्तावर त्वरित करता येण्याजोगी ग्लुकोजमापनाची पद्धत तेव्हा प्रचारात नव्हती. त्यामुळे अर्काचे यश हेच त्याचे अपयश समजले गेले. ईव्हार बँग यांची १९१३ मधील आणि ऑटो फोलिन व ह्सिएन वू यांची १९१९–२० मधील सूक्ष्ममापन पद्धत यांमुळे ही उणीव बरीच दूर झाली.

दरम्यान फ्रेडरिक मॅडिसन ॲलन (१८७९–१९६४) या अमेरिकन वैद्यांचा अल्पाहाराचा उपचार रूढ झाला. त्यामुळे मूत्रातील साखर कमी होई; परंतु बालरुग्ण अस्थिपंजर होत आणि काही महिन्यांचे, फार तर थोड्या वर्षांचे आयुष्य त्यांना लाभे.

इन्शुलिनाचा शोध : १९२१ च्या उन्हाळ्यात टोराँटो विद्यापीठात जॉन जेम्स रिकर्ड मॅक्लाउड (१८७६–१९३५) यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक ग्रँट बँटिंग (१८९१–१९४१) व चार्ल्स हर्बर्ट बेस्ट (१८९९–१९७८) यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. त्याच वर्षी रूमानियात नीकोलाए पाउलेस्कू (१८६९–१९३१) यांनीही अग्निपिंडाच्या अर्काने रक्तशर्करा उतरते, असे प्रसिद्ध केले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोराँटो येथील रुग्णालयात लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास अर्काचे पहिले अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले. त्याचा परिणाम अल्प झाला व टोचल्या जागी गळू झाले. जेम्स बर्ट्रम कॉलिप (१८९२–१९६५) यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर मात्र सु. एका दिवसात त्याची रक्तशर्करा ५२० मिग्रॅ.वरून १२० मिग्रॅ.वर आली. १९२३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना विभागून देण्यात आले [⟶ इन्शुलीन].

औषधाची शक्ती व त्याचा धोका ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत, हे प्रथम सशांवरील प्रयोगांत स्पष्ट झाले. अर्क टोचलेले निरोगी ससे काही वेळाने अस्वस्थ होत, त्यांना आचके येत व ते बेशुद्ध पडत. ग्लुकोजाचे अंतःक्षेपण करताच ते थोड्याच वेळात पूर्ववत होत. त्सुल्त्सर यांच्या प्रयोगात कोडे ठरलेल्या लक्षणाचे कारण येथे उलगडले. एवढेच नव्हे, तर त्याच लक्षणावर औषधाचे माप बसविण्यात आले. २४ तास उपाशी ठेवलेल्या सु. २ किग्रॅ. वजनाच्या सशाची रक्तशर्करा काही तासांत ०·०४५ टक्क्यापर्यंत, म्हणजे ज्या पातळीस आचके येतात त्या पातळीपर्यंत, उतरविणारी मात्रा हे इन्शुलिनाचे मूळ एकक ठरले. रुग्णांसाठी हे एकक फार मोठे असल्याने पुढे त्याचा एकतृतीयांश भाग एकक म्हणून वापरात आला.

रुग्णांतील अल्परक्तशर्करेचे (रक्तातील ग्लुकोज प्रमाणाबाहेर कमी होण्याचे) सविस्तर वर्णन ॲल्मन फ्लेचर व वॉल्टर कँबेल यांनी १९२२ मध्येच केले. या अवस्थेत प्रथम भूक, घाम, हातांचा कंप, छातीत धडधड व बेचैनी ही लक्षणे दिसतात. मेंदूस ग्लुकोजाचा पुरवठा अखंड लागत असल्याने पुढे मनाचा गोंधळ, असंबद्ध बोलणे, मद्यपान केल्यासारखे वर्तन, आचके व बेशुद्धी अशी लक्षणे उद्‌भवतात. वेळीच साखर न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. यामुळे इन्शुलीन घेणाऱ्या रुग्णाने साखर किंवा फळाचा रस नेहमी जवळ बाळगावा, हा नियम औषधाबरोबरच रूढ झाला. एरवी वर्ज्य असलेली साखर अशा प्रसंगी जीवनरक्षक औषध ठरते, ही गोष्ट रुग्णास व त्याच्या कुटुंबीयांस समजावून देणे हा उपचाराचाच भाग बनला.

दीर्घकालीन इन्शुलीन : प्रारंभीच्या इन्शुलिनाचा परिणाम सु. सहा ते आठ तासच टिकत असल्याने ते दिवसातून अनेकदा टोचावे लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कमधील हान्स क्रिश्चन हागेडॉर्न (१८८८–१९७१) यांनी माशापासून मिळणारे प्रोटामीन हे प्रथिन इन्शुलिनात मिसळून त्याचे शोषण सावकाश होईल असे केले. त्याच वर्षी टोराँटो येथे जस्ताचा उपयोग करून हा परिणाम आणखी लांबविण्यात आला. १९४६ मध्ये तयार झालेले एनपीएच इन्शुलीन व १९५२ मधील लेंटे इन्शुलीन हे याच मार्गावरील पुढचे टप्पे होत. टोचण्यांची संख्या घटली. परंतु औषधाचा परमोत्कर्ष रुग्ण झोपेत असताना होण्याची शक्यता निर्माण झाली आणि रात्रीची अल्परक्तशर्करा हा नवा प्रश्न उभा राहिला. जागेपणी घाम व कंप यांनी मिळणारी पूर्वसूचना निद्रिस्त रुग्णाच्या ध्यानात येत नाही.

जननिक अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी इन्शुलीन १९८२ मध्ये उपचारासाठी मान्य झाले. त्यानंतर इन्शुलिनाच्या रेणूतच फेरफार करून १९९६ मध्ये त्वरित परिणामी लिस्प्रो आणि २००० मध्ये जवळजवळ दिवसभर एकसारखा परिणाम राखणारे ग्लार्जीन ही इन्शुलिने वापरात आली. निरोगी अग्निपिंडाच्या स्रावाचे होता होईल तेवढे अनुकरण करणे, हा त्यांमागील हेतू होता.

इन्शुलिनाच्या संहतीकडेही (दर मिलि.मधील एककांकडे) लक्ष द्यावे लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७३ पासून दर मिलि.स १०० एककांचे इन्शुलीन प्रचारात आले. भारतात दर मिलि.स ४० एककांच्या कुप्या व त्यांसाठीच्या पिचकाऱ्या दीर्घकाळ वापरात राहिल्या असून लेखणीसारख्या साधनातील इन्शुलीन मात्र १०० एककांचे असते. शंभर एककांचे इन्शुलीन चाळीस एककांच्या पिचकारीने घेतल्यास रुग्णास अडीचपट मात्रा मिळते आणि तीव्र अल्परक्तशर्करा उद्‌भवू शकते.

सल्फॉनिलयूरिया गट : मुखावाटे घ्यावयाच्या पहिल्या यशस्वी औषधांचा शोध अपघाताने लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे मार्सेल झांबाँ यांनी आंत्रज्वरावर (टायफॉइडावर) एका नव्या सल्फॉनामाइड औषधाची चाचणी घेतली. काही रुग्णांस आचके येऊन बेशुद्धी आली व काही दगावले. त्यांची रक्तशर्करा अतिशय उतरल्याचे आढळले. त्याच शहरातील ऑग्यूस्त लूबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध अग्निपिंडास इन्शुलीन स्रवण्यास भाग पाडते, असे सिद्ध केले. अग्निपिंड काढलेल्या कुत्र्यात त्याचा परिणाम होत नव्हता. यावरून ज्या रुग्णाच्या अग्निपिंडात इन्शुलीन निर्माण करण्याची काही क्षमता शिल्लक आहे, त्यालाच या औषधाचा उपयोग होईल, हेही स्पष्ट झाले.

१९५५ मध्ये जर्मनीत कार्ब्युटामाइड आणि १९५६ मध्ये टोल्ब्युटामाइड ही औषधे पुढे आली. नंतरच्या क्लोरप्रोपामाइडाचा परिणाम एक दिवसाहून अधिक काळ टिकत असे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड, ग्लिक्लाझाइड व ग्लिमेपिराइड ही या गटातील पुढील औषधे होत. ही औषधे द्वीपकांतील बीटा कोशिकांच्या (पेशींच्या) पटलावरील पोटॅशियमाचे मार्ग बंद करतात; त्यामुळे कॅल्शियम आत शिरून साठविलेले इन्शुलीन बाहेर पडते, ही क्रियापद्धती १९८० नंतरच्या दशकात समजली. रक्तशर्करा कमी असतानाही ही क्रिया चालू राहते. म्हणून गोळी घेऊन जेवण टाळणाऱ्या, उपवास करणाऱ्या, नेहमीपेक्षा अधिक श्रम करणाऱ्या किंवा मद्यपान करणाऱ्या रुग्णास धोका संभवतो. वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य मंदावलेल्या वृद्धांत काही औषधे शरीरात साचून राहतात आणि साखर दिल्यावर सावरलेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. अशा रुग्णास रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते.

बाय्‌ग्वानाइड गट : यूरोपात पूर्वी मधुमेहसदृश लक्षणांवर गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही शिंबावंत (शेंगा येणारी) वनस्पती वापरीत. तिच्यात ग्वानिडिनाशी संबंधित द्रव्ये असतात. ग्वानिडिनाने रक्तशर्करा उतरते, हे १९१८ मध्ये आढळले. १९२६ मधील सिंथालीन हे तज्जन्य औषध यकृतास अपायकारक ठरल्याने मागे पडले. मेटफॉर्मिनाचे संश्लेषण डब्लिन येथे १९२२ मध्येच झाले होते. पण इन्शुलिनाच्या शोधामुळे अशा संयुगांकडे दुर्लक्ष झाले. १९५७ मध्ये झां स्टेर्न या फ्रेंच वैद्यांनी रुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि मेटफॉर्मीन प्रचारात आले.

हे औषध अग्निपिंडास उत्तेजित करीत नाही. यकृतातून रक्तात येणारे ग्लुकोज कमी करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. त्यामुळे वाढलेली रक्तशर्करा उतरते. परंतु ते एकटेच घेतले असता अल्परक्तशर्करा क्वचितच होते. इन्शुलीन किंवा सल्फॉनिलयूरिया यांच्या जोडीने घेतल्यास मात्र ही खात्री उरत नाही. याच गटातील फेनफॉर्मिनामुळे लॅक्टिक अम्लरक्तता हा जीवघेणा विकार होतो, असे आढळल्याने १९७७–७८ मध्ये अमेरिकेत त्याचा वापर बंद करण्यात आला. या कटू अनुभवामुळे मेटफॉर्मिनास तेथे १९९४ च्या अखेरीपर्यंत मान्यता मिळाली नाही. वृक्कांचे कार्य फार घटलेल्या रुग्णास ते देत नाहीत.

रक्तशर्करेचे मापन : औषधांचा योग्य वापर मापनाच्या साधनांवर अवलंबून असतो. स्टॅन्ली रॉसिटर बेनेडिक्ट (१८८४–१९३६) यांच्या विक्रियाकारकाने मूत्र तापविल्यावर निळा रंग बदलून साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा किंवा विटकरी होतो. अनेक दशके हीच घरगुती परीक्षा होती. मात्र रक्तशर्करा सु. १८० मिग्रॅ.च्या वर गेल्याशिवाय मूत्रात साखर सामान्यतः उतरत नाही. म्हणजे निळा रंग कायम राहिल्यास रक्तशर्करा १५० मिग्रॅ. आहे की ४० मिग्रॅ., हे कळण्यास मार्ग नव्हता. अल्परक्तशर्करेच्या बाबतीत ही परीक्षा निरुपयोगीच होती.

रक्ताच्या थेंबावर करावयाच्या परीक्षापट्ट्या १९६० नंतरच्या दशकात निघाल्या. १९७० च्या सुमारास पट्टीचा रंग मोजणारे उपकरण आले आणि त्या दशकाच्या अखेरीस रुग्ण घरीच मापन करू लागले. १९६८ मध्ये सॅम्युएल राहबार यांनी मधुमेही रुग्णांतील हीमोग्लोबिनाच्या एका वेगळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. या ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिनाच्या प्रमाणावरून मागील दोन ते तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा सरासरी अंदाज येतो. मात्र सरासरी समाधानकारक असूनही तिच्यात तीव्र चढउतार दडलेले असू शकतात. म्हणून १९९९ पासून उपलब्ध झालेल्या अखंड मापनाच्या साधनांना विशेष महत्त्व आले.

नियंत्रणाची मर्यादा : रक्तशर्करा प्राकृत पातळीजवळ आणल्यास उपद्रव खरोखर टळतात काय, हा वाद अनेक वर्षे चालला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत टोल्ब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले आणि औषधांच्या उपयुक्ततेविषयीच शंका निर्माण झाली. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण इन्शुलिनावर अवलंबून असलेल्या प्रकारचे होते. कठोर नियंत्रणाने डोळ्यांच्या जालपटलाचे, वृक्कांचे व तंत्रिकांचे विकार लक्षणीय प्रमाणात टळले. पण तीव्र अल्परक्तशर्करेचे प्रसंग सु. तिप्पट झाले. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या व प्रौढावस्थेतील मधुमेहाच्या ५,१०२ रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासानेही १९९८ मध्ये चांगल्या नियंत्रणाचे लाभ दाखवून दिले. स्थूल रुग्णांत मेटफॉर्मीन विशेष हितकारक ठरले.

याउलट २००८ मध्ये हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या १०,२५१ रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासातील कठोर नियंत्रणाचा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. कारण त्या गटात २५७, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात २०३ मृत्यू झाले होते. रक्तशर्करा जितकी खाली तितकी चांगली, हा समज त्यामुळे मागे पडला. तरुण व नवनिदानित रुग्ण आणि एकटा राहणारा वृद्ध रुग्ण यांच्यासाठी उद्दिष्टे वेगळी असावीत, असे सर्वत्र मानले जाऊ लागले.

अलीकडील औषधे : ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा मुखावाटे दिल्यास इन्शुलीन अधिक स्रवते, हे १९६४ मध्ये दाखविण्यात आले. आतड्यातील हॉर्मोनांमुळे हा फरक पडतो. त्यांपैकी जीएलपी–१ हे हॉर्मोन रक्तशर्करा वाढलेली असतानाच इन्शुलिनाचा स्राव वाढविते. जॉन एंग यांनी १९९२ मध्ये हीला या विषारी सरड्याच्या लाळेत तत्सदृश द्रव्य शोधले आणि त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड हे औषध २००५ मध्ये मान्य झाले. शरीरातील जीएलपी–१ चा नाश रोखणारे सिटाग्लिप्टीन २००६ मध्ये आले. रक्तशर्करा उतरताच परिणाम ओसरणे, हा जो लगाम पूर्वीच्या औषधांत नव्हता, तो या गटात काही अंशी साधला गेला.

दुसरा गट वृक्कांवर कार्य करतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये मिळविलेल्या फ्लोरिझिनाने मूत्रात साखर उतरते, हे मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखविले होते. त्याच तत्त्वावरील डापाग्लिफ्लोझीन यूरोपात २०१२ मध्ये मान्य झाले. ही औषधे जादा ग्लुकोज मूत्रावाटे बाहेर टाकतात. ज्या साखरेवरून रोग ओळखला जाई, तिचे उत्सर्जन हाच येथे उपचार ठरला. मात्र क्वचित रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोन अम्लरक्तता होऊ शकते, असा इशारा २०१५ मध्ये देण्यात आला.

अल्परक्तशर्करेवरील उपाय : रक्तशर्करा ७० मिग्रॅ.च्या खाली गेल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास सु. १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मापन करतात व आवश्यक तर ती मात्रा पुन्हा देतात. जेवणाची वेळ दूर असल्यास त्यानंतर काही खावयास देतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉनाचे अंतःक्षेपण देतात. हृद्‌विकार व रक्तदाब यांवरील काही औषधे (बीटा–रोधके) कंप व धडधड ही पूर्वसूचक लक्षणे झाकून टाकतात, तर कॉर्टिसोनासारखी स्टेरॉइडे रक्तशर्करा वाढवितात. ताप, वांती, उपवास किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी मात्रा बदलावी लागते. परंतु ती वैद्याच्या सल्ल्यानेच बदलणे इष्ट असते. इन्शुलिनावर अवलंबून असलेल्या रुग्णाने आहार कमी झाला म्हणून इन्शुलीन पूर्णपणे बंद करणे हेही तितकेच धोक्याचे असते.